कुणाच्या उजवीकडे

‘तू मला उलटं बसवलंयस’ असा त्याचा निरोप फोनवर आला तेव्हा मी स्टुडिओच्या दाराला किल्ली लावत होते. त्याच्या मागेपुढे काही नाही. कशी आहेस नाही, गाणी कशी वाटली नाही, रात्री जागून मिक्स पाठवलंस त्याबद्दल एक शब्द नाही. किल्ली कुलपात तशीच राहिली आणि मी जिन्यात उभी राहून ते चार शब्द पुन्हा पुन्हा वाचले. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं यंत्र सुरू झालं होतं, कुणाची तरी दाढ कोरली जात होती, आणि मला वाटलं की बरोबर, आज दिवसाची सुरुवात अशीच व्हायला हवी होती. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली तरी या माणसाला माझी सकाळ नासवायला अजून चार शब्द पुरतात. दोनही पुरतील, पण तेवढा तो काटकसरी नाही.

उलटं बसवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रम्स रेकॉर्ड करताना प्रत्येक ड्रमपुढे एक माइक असतो, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आणखी दोन. पुढे मिक्सिंगला बसलं की कुठला आवाज डाव्या स्पीकरमध्ये किती आणि उजव्यात किती, हे एकेका बटणानं ठरवायचं असतं. याला आम्ही पॅन करणं म्हणतो. पायानं वाजणारी मोठी किक मधे, तडतडणारा स्नेअर मधे, इथपर्यंत कुणाचंच भांडण नसतं. भांडण हाय-हॅटपासून सुरू होतं. ती पायानं उघडझाप करायची झांजांची जोडी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला असते, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे. टॉम नावाचे लहान-मोठे ड्रम वाजवणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उतरत जातात, समोरच्याला ते उजवीकडून डावीकडे उतरताना दिसतात. मग रेकॉर्डमध्ये ते कसे ऐकू यावेत? त्याच्या स्टुलावरून की आपल्या खुर्चीवरून? निम्मं जग एकीकडे आहे, निम्मं दुसरीकडे, आणि दोघंही बरोबर आहेत. दोन माणसांना आयुष्यभर भांडायचं असेल तर यापेक्षा चांगली सोय कुठे मिळणार?

मी समोरून करते. पहिल्यापासून. कारण मी समोरच बसलेली होते. आमच्या पहिल्या घरात बाहेरची खोली म्हणजे ड्रम्सच होते. सोफा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं मोजपट्टी काढून दाखवलं की सोफा घेतला तर क्रॅशची झांज कुठे जाणार, आणि सोफा घ्यायचा राहूनच गेला. भिंतीला टेकून एक लोखंडी पेटी होती, तिच्यावर उशी टाकून मी बसायची, मांडीवर हेडफोन, हातात वही नाही की पेन्सिल नाही, नुसते कान. तो वाजवायचा आणि थांबून विचारायचा, कसं वाटलं? मी सांगायची. सुरुवातीला माझं ऐकायचा. नंतर माझं वाक्य संपत आलं की पाय उचलून हॅट उघडायचा आणि एक फटका मारून मिटायचा. टिस्स. माझ्या बोलण्याला त्यानं लावलेला पूर्णविराम तो. घरभाडं, दूध संपलंय, आईचा फोन आला होता, मुलीला ताप आहे, टिस्स. लोक विचारतात काय झालं होतं नेमकं, मारायचा का, दारू प्यायचा का. नाही हो. वाजवायचा. लोकांना ते कळत नाही, आणि मी समजावत बसत नाही. त्या सगळ्या वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही की इकडे ये, या बाजूनं कसं ऐकू येतं बघ. तेव्हा मला ज्या बाजूला ठेवलं त्या बाजूनं मी ऐकायला शिकले, त्यावरच पोट भरते, आणि आता साहेबांना ते उलटं वाटतंय.

आत जाऊन पंखा लावला, मशिनं सुरू केली, चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत फोन वाजलाच. निरोपानं समाधान झालेलं नव्हतं.

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“मग काय? लोक समोर बसतात. त्यांना समोरून ऐकू येतं.”

“कोण समोर बसतं आता? लोक बसमध्ये हेडफोन घालून बसतात. तिसऱ्या गाण्यात मी वरून खाली येतो ना, मोठ्या टॉमवर, तो माझ्या उजवीकडे आहे. ऐकताना माझा हातच चुकतो. आरशात बघून दाढी केल्यासारखं होतं.”

“आरशात बघूनच करतात दाढी.”

“तुला काय माहीत?”

“अकरा वर्षं बेसिन मी धुतलंय.”

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. “तुझं नेहमीचंच आहे,” तो म्हणाला, “समोर बसायचं आणि मार्क द्यायचे.”

“बसायला दुसरी जागा ठेवली होतीस?”

“हे बघ, मला भांडायचं नाहीये. पोरीचं पहिलं रेकॉर्ड आहे. तिला विचार तिला कसं हवंय.”

“तिला काय विचारायचं? तिचे कान तू आधीच भरले असशील.”

यावर तो गप्प झाला. बराच वेळ नुसता श्वास येत होता. मला वाटलं, बसला नेमका. मग त्यानं ‘ठेवतो’ म्हटलं आणि ठेवला. चहा तोवर उतू गेला होता. शेगडी पुसताना मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरीचं रेकॉर्ड हा खरा मुद्दा होता, ते मला त्यानं सांगायची गरज नव्हती. सहा गाणी. आवाज तिचा, ड्रम्स बापाचे, मिक्सिंग माझं. हे तिनं ठरवलं, आम्हाला विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी ती त्याच्याकडे राहायला गेली. कॉलेज तिथून जवळ, असं कारण होतं, आणि मी ते मान्य केलं, कारण मान्य न करण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यानंतर महिन्यातून एकदा हॉटेलात जेवण आणि अधूनमधून फोन, एवढीच मुलगी माझ्या वाट्याला उरली होती. या सहा गाण्यांच्या निमित्तानं ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. जिन्यात तिची पावलं वाजली की मी खुर्चीवरची माझी शाल उचलून ठेवायची, कुणी पाहुणी येत असल्यासारखी. आणि महिनाभर चाललेली आमची उजव्या-डाव्याची रडारड ऐकून परवा ती म्हणाली होती, “तुम्ही दोघं मिळून एक काय ते ठरवा. मंगळवारी दुपारी येते मी. तोवर ठरलं नाही तर गाणी दुसऱ्या कुणाकडे तरी देते, आई, खरंच सांगते.” रागावून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती दमून म्हणाली होती. गाणी गेली की ती गेली, पुन्हा हॉटेल, पुन्हा महिन्यातून एकदा, पुन्हा ‘अजून काही घेणार का’ असं वेटरनं विचारेपर्यंतच्या गप्पा. आज मंगळवार होता.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? ड्रम्सचे सगळे पॅन फिरवून उलटे केले असते. दहा मिनिटांचं काम. त्याचं स्टूल त्याला परत, माझी मुलगी मला. मी खुर्चीत बसले तेव्हा तेच करायला बसले होते, अगदी प्रामाणिकपणे. हॅट उचलून उजवीकडून डावीकडे नेला. लहान टॉम नेला. मग मोठ्या टॉमवर हात गेला, तो आता उजवीकडे जायला हवा होता, त्याच्या उजवीकडे, आणि माझा हात काही तिकडे वळेना. मी त्याला होता तिथे, डावीकडेच ठेवलं. सगळं डावीकडे असलं तर काय होईल, असं म्हणून बघितलं. मग डोक्यावरचे दोन्ही माइक. मग खोलीचे लांबचे माइक. मग किक आणि स्नेअर, ज्यांच्याबद्दल कधीच कुणाचं भांडण नसतं, तेही मधून उचलले आणि कडेला नेऊन टाकले. डाव्या स्पीकरात तो आख्खा बसला, ड्रम्स, झांजा, स्टूल आणि तो. उजवीकडे गिटार आणि की-बोर्ड. मधे, एकटी, माझी मुलगी. माणसाला बाजूला सारायला आपल्याकडे डावलणं म्हणतात, ते उगाच नाही. पुन्हा ऐकलं. इतकं बरं वाटलं मला. तिच्या आवाजाभोवती एकदम रिकामं झालं, श्वास घेतलेला ऐकू यायला लागला, शब्द सोडताना ओठ सुटतात तोसुद्धा. आणि तो तिकडे, कोपऱ्यात, शेजारच्या घरात कुणीतरी ठोकाठोकी करत असावं तसा. स्टिरिओ नवीन होतं तेव्हा लोक असंच करायचे, आख्खे ड्रम्स एका बाजूला. हे खरं आहे, आणि मुलीनं विचारलं की हेच सांगायचं मी ठरवून ठेवलं. मला ते खरंच आवडलंय, असंही सांगणार होते. तेही खरं होतं.

ती आली तेव्हा खालचं यंत्र थांबलं होतं, डॉक्टरची जेवायची वेळ असावी. आल्या आल्या तिनं बॅग जमिनीवर टाकली, माझ्या कपातला गार चहा प्यायली, तोंड वाकडं केलं. केस कापले होते. मी विचारलं, कधी कापलेस, तर ‘हं’ म्हणाली. मी म्हटलं, ऐक आता, बोलू नंतर. टेबलावरचे माझे मोठे हेडफोन तिनं कानावर चढवले आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मी तिसरं गाणं लावलं. मी मुद्दाम पडद्याकडे बघत राहिले, पण काचेत ती दिसत होती. डोळे मिटलेले. मान किंचित हलत होती. टॉमची ती वरून खाली येणारी जागा येऊन गेली, तिच्या चेहऱ्यावर काही नाही. आता डोळे उघडेल, आता हेडफोन काढून फेकेल, आता ‘आई, हे काय?’ म्हणेल. माझं उत्तर जिभेवर होतं. गाणं संपलं. तिनं डोळे उघडले.

“छान झालंय,” ती म्हणाली. “आवाजाला किती जागा मिळालीये. ड्रम्स कधी टाकणार?”

मला जे सुचलं ते सगळं एकदम सुचलं. हा टोमणा थेट त्याचा होता. तोच थंडपणा, तेच शेवटी येणारं टिस्स. बापलेकींनी बसून ठरवलं असणार, ती असं करेल, मग तू असं म्हण.

“टोमणा मारायचा तर सरळ मार,” मी म्हटलं. “बापासारखं वळणानं नको.”

“टोमणा कसला?”

“ड्रम्स कधी टाकणार म्हणे.”

“अगं, नाहीयेत यात. विसरली असशील चालू करायला. त्यात काय एवढं?”

“आहेत.”

“कुठे?”

“डावीकडे.”

“सगळे?”

“सगळे. किकसकट. आणि हे मी मुद्दाम केलंय, स्टिरिओ नवीन होतं तेव्हा…”

ती ऐकत नव्हती. तिनं हेडफोन काढले, हातात फिरवले, आणि उलटे करून पुन्हा घातले, डावा उजव्या कानावर. स्वतःच हात लांब करून गाणं सुरू केलं. थोडं ऐकलं.

“हं,” ती म्हणाली, “आहेत.”

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईच्या डोक्यात काय आलं असेल? वायर. डाव्या बाजूची वायर गेली असणार, असं आलं. मी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेतले, जॅक काढून पुसला, परत खुपसला, वायर मुळाशी धरून वाकवून बघितली, स्वतःच्या कानाला लावले. डावीकडे तो खणखणीत वाजत होता. पुन्हा वायर वाकवली. कधीकधी एका विशिष्ट कोनातच जाते ती.

“वायर ठीक आहे, आई,” ती म्हणाली. “कान गेलाय.”

दोन वर्षं झाली होती. एक दिवस सकाळी उठली आणि डावा कान नव्हता, असं ती म्हणाली, चप्पल हरवल्यासारखं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. सूज असेल, विषाणू असेल, पुष्कळदा कारण सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कान काही परत आला नाही. अधूनमधून आत एक शिट्टी वाजते, तिचा सूरसुद्धा ती मला सांगत होती. मी विचारायला हवं होतं की दुखलं का, घाबरलीस का, गाताना काय करतेस. माझ्या तोंडून निघालं ते असं:

“त्याला माहीत आहे?”

“मी तिथेच राहते ना.”

“आणि माझ्या कानावर घालावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.”

“तो सांगणार होता. मीच नको म्हटलं.”

“का?”

“तू म्हणाली असतीस की झांजांमुळे गेला.”

“मग कशामुळे गेला असणार? लहानपणापासून त्या खोलीत, त्या क्रॅशच्या शेजारी बसवून ठेवायचा तुला, मी किती वेळा सांगितलं होतं…”

“बघ,” ती म्हणाली.

एवढंच म्हणाली, तेही रागानं नाही. मी तोंड मिटलं. मनात मात्र अजून तेच चालू होतं, की झांजांमुळेच, झांजांमुळेच. आणि त्यामधून दुसरंही काहीबाही वर यायला लागलं. हॉटेलात ती माझ्या समोरची खुर्ची सोडून कडेची धरायची, मला वाटायचं माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही हिला. रस्त्यानं चालताना मधेच मागे राहून माझ्या दुसऱ्या बाजूला यायची, मला वाटायचं फोनवर कुणाशी तरी चाललंय. ‘लक्ष कुठे असतं तुझं’ हे मी तिला किती वेळा म्हटलं असेल? गाणी रेकॉर्ड केली ती याच खोलीत, काचेपलीकडे, एक कान उघडा टाकून. सगळेच गायक तसे गातात, एका कानात संगीत आणि दुसऱ्यानं स्वतःचा आवाज, म्हणून मी बघितलं आणि काही बघितलं नाही. हॅट अर्धा इंच सरकला तर मला कळतं, असं मी लोकांना सांगत फिरते. त्याला कळलं होतं. सकाळी ती उठून स्वयंपाकघरात आली असेल आणि त्याला कळलं असेल. या गोष्टीचा मला इतका हेवा वाटला की माझीच मला किळस आली, पण हेवा काही कमी झाला नाही.

“तुम्ही महिनाभर कशावरून भांडताय ते मला ऐकूच येत नाही,” ती सांगत होती. “त्याचं डावं, तुझं डावं. माझ्या फोनमध्ये सोय आहे, दोन्ही बाजू एकत्र करून एकाच कानात येतात. मी तसंच ऐकते सगळं. तुझं मागचं मिक्स काय आणि त्याला हवंय ते काय, मला दोन्ही एकच.”

“मग आधी बोलायचंस. एवढा वेळ घालवला मी.”

“तुम्हाला हवा होता की घालवायला.”

माझ्याही टेबलावर ते बटण आहे, मोनो म्हणतात त्याला. लहान रेडिओवर, एका स्पीकरवर कसं ऐकू येईल ते तपासायला मी दाबते आणि लगेच सोडून देते, कारण त्यात सगळं घर एका खोलीत कोंबल्यासारखं होतं. आज दाबलं, हेडफोन बंद केले आणि स्पीकर सुरू केले. तो मधे आला. कोपऱ्यातून उठून थेट तिच्या तोंडावर आला, स्नेअर तिच्या शब्दांवर, हॅट तिच्या प्रत्येक ‘स’वर. डावीकडे ढकलायला डावी बाजूच शिल्लक नव्हती. आता एकच करता येत होतं, दोघांना एकाच जागी एकमेकांना सांभाळून राहता येईल असं काहीतरी, आणि ते माझ्या हातांनी करायचं होतं. मला प्रचंड संताप आला. तिच्या कानाचं दुःख व्हायला हवं होतं, ते झालंही नंतर, रात्री आणि पुढे कित्येक दिवस, पण त्या क्षणी संतापच आला, की सगळं होऊन शेवटी याच्यासाठी जागा मलाच करायचीय. मी केली. त्याच्या हॅटची धार कमी केली, तिचा आवाज थोडा वर काढला, किकचा खालचा घुमारा छाटला. ‘बाबाला फार बारीक नको करू,’ ती म्हणाली. ‘नाही करत,’ मी म्हटलं. तो काही वाईट वाजवत नाही. हे मी कधीच नाकारलेलं नाही.

ती उठून पुढे, स्पीकरांकडच्या भिंतीजवळच्या बाकड्यावर जाऊन बसली, उजवा कान स्पीकरांकडे करून, डोळे मिटून. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि खुर्चीतूनच, तिच्याकडे न बघता, सकाळपासून घशात अडकलेलं ते विचारलं. “मग देणारेस का दुसऱ्या कुणाकडे?” तिनं उत्तर दिलं नाही. बोट गुडघ्यावर तालात आपटत होतं. मी थांबले. एक कडवं गेलं. एवढं सगळं झाल्यावरही उत्तर द्यायची तसदी नाही, एका शब्दाची नाही, अगदी त्याच्यासारखी, असं म्हणून मी खुर्ची गर्रकन फिरवली आणि बोलायला तोंड उघडलं. तिचा डावा कान माझ्याकडे होता. नवे कापलेले केस त्याच्यामागे नीट सारलेले. चांगला कान, दिसायला काही कमी नसलेला, लहानपणी मी टोचून आणलेला. मी उठले, वायरींवरून पाय टाकत तिच्या पलीकडे गेले, तिथे बसायला जागा नव्हती म्हणून जमिनीवरच बसले, आणि तिच्या उजव्या बाजूनं, हवा होता त्यापेक्षा मोठ्या आवाजात, पुन्हा विचारलं.

“नाही देणार,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आणि ओरडू नकोस, ऐकू येतंय.” मग तिनं माझ्या खांद्याला हात लावून मला किंचित ढकललं. “जरा सरक ना, आई. मधे आलीयेस तू. बाबा ऐकू येत नाहीये.”

मी सरकले.